भूल

ग्रिम्स्बीत, बंद पडलेल्या मासळीच्या दुकानावर
एक खोली. जिन्यात अजून हॅडकचा वास.
दारावर कागद: सिगारेट, वजन, विमानाची भीती,
नखं कुरतडणं, झोप.
मी झोपेवर बोट ठेवलं. तेवढंच सांगण्याजोगं होतं.

मिसेस ब्लँचर्डनी विचारलं, तू काय करतेस?
म्हटलं, लोकांना झोपवते.
त्या हसल्या. मग आपण एकाच धंद्यातल्या.

नाही, बाई.
माझ्याकडे मॉनिटर असतो, नळी असते,
किलोमागे मिलिग्रॅमचा हिशोब असतो.
तुमच्याकडे एक खुर्ची, लोकरीचं पांघरूण
आणि रेडिएटरपाशी घोरणारा म्हातारा कुत्रा.

माझ्या भाषेत माझ्या कामाला भूल देणं म्हणतात.
वाण्याच्या बिलाखालीही तोच शब्द:
चूकभूल द्यावी घ्यावी.
आणि रानात फिरफिरून माणूस
त्याच झाडापाशी परत येतो,
तेव्हा त्याला भूल पडलेली असते.
इंग्रजीत या तिघींना तीन वेगळी दारं.
चौकशी समितीने एकच उघडलं,
आत काही सापडलं नाही,
सही करून लावून घेतलं.

लेन ड्रूरी, वय एकाहत्तर, खुब्याचं ऑपरेशन.
उमेदीची वर्षं ट्रॉलरवर गेलेली.
म्हटलं, दहापासून उलटं मोजा.
दहा, नऊ, आठ, सात.
सातनंतर म्हणाले, थंडी वाजते गं, पोरी.
मी म्हटलं, औषध आहे ते, चढताना गार लागतं.
लागतंच. सगळ्यांना लागतं.
सहा त्यांनी म्हटलं नाही.
तसं सहा सहसा कुणीच म्हणत नाही,
पण बाकीचे संध्याकाळी चहा मागतात.

तेव्हापासून मायक्रोवेव्ह सातवर आला
की मी दार उघडते.
दोन वर्षं कोमट आमटी खातोय आम्ही.
नवऱ्याला वाटतं, मला घाई असते.

डोळे मिट, मिसेस ब्लँचर्ड म्हणाल्या,
एक जिना आहे समज, पायरीला एक आकडा.
माझं लगेच सुरू: श्वास किती, ऑक्सिजन किती,
बघतंय कोण?
मी स्वतःचीच नाडी धरलेली त्यांनी पाहिली.
हात सोडवला नाही.
तुझ्या भाषेत मोज, म्हणाल्या, मला कळायला नको.

वीस. एकोणीस.
आमचा एकोणीस स्वतःच्या पायावर उभा नसतो,
विसातला एक गेला, एवढंच सांगत राहतो.
शाळेत घोकताना लक्षात आलं नव्हतं.

अकराला हात जड झाले.
नऊला कुत्र्याने कूस बदलली.
सात.
तिथे थिएटरचा दिवा, कागदाची निळी टोपी,
आणि लेन: थंडी वाजते गं.
या वेळी मी काही समजावलं नाही.
कपाटातून दुसरं पांघरूण काढलं,
त्यांच्या खांद्यापर्यंत ओढलं.
त्या दिवशीही ते तिथेच होतं, दोन पावलांवर.
त्याने काही बदललं नसतं,
अहवालाचं चौदावं पान मला पाठ आहे.
पण पांघरूण होतं.

रडले का, ते विचारू नका.
कुत्रा उठून पायाशी आला होता, एवढं खरं.
घाई नाही, मिसेस ब्लँचर्ड म्हणाल्या,
हा जिना कुठे जात नाही.
मग मी सहा म्हटलं. मोठ्याने.
त्यांच्या वतीने की माझ्या, माहीत नाही.
पाच काही म्हणवलं नाही.

पन्नास पौंड दिले. पुढचा गुरुवार ठरला.
पावती उलटून पाहिली,
तळाशी काही छापलेलं नव्हतं.
बाहेर गोदीकडून वारा, सीगलांची भांडणं,
चिप्सच्या दुकानापाशी रांग.

रात्री आमटी आत ठेवली. आकडे उतरत आले.
सात गेला. सहाही गेला.
चारला मी दार उघडलं.
नवरा पहिला घास घेऊन म्हणाला,
आज जरा बरी तापलीय.